विमान कोणी पाहिलं, कुठून पाहिलं

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या ओझरच्या धावपट्टीवरून तेजस मार्क १-ए जातीचं, तिथंच बांधलेलं पहिलं विमान आकाशात झेपावलं. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह हजर होते. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने तेजससाठी उभारलेल्या तिसऱ्या उत्पादन साखळीचं उद्घाटनही त्याच दिवशी झालं. त्या आठवड्यात टीव्हीवर आणि मोबाइलवर बोलणाऱ्या कितीतरी जाणकारांनी तेजसला त्याच्या वर्गातलं जगातलं सर्वोत्तम विमान ठरवून टाकलं. पुढं २१ नोव्हेंबरला दुबईच्या हवाई प्रदर्शनात कसरती करताना एक तेजस कोसळलं आणि विंग कमांडर नमांश स्याल यांचा मृत्यू झाला. हवाई दलाने चौकशी जाहीर केली. ती सुरू होण्याआधीच, त्याच संध्याकाळी, हे विमान कोणी विकत घेणार नाही, त्याची रचनाच सदोष आहे, असे निर्वाळे यायला लागले. पाच आठवड्यांत तेजस बदललं नव्हतं. पहिल्या उड्डाणातून कळतं ते इतकंच, की कारखान्यातून निघालेलं विमान उडतं. अपघातातून काय कळतं ते चौकशी पुरी झाल्यावर कळतं. या दोन्ही वेळी लोकांच्या पदरात पडलेला निकाल कशाच्या आधारावर दिला गेला होता, हे विचारण्याची सवय लागावी म्हणून हे पुस्तक लिहिलं आहे.

नांदूरघाटात बसून लढाऊ विमानांवर पुस्तक लिहिण्याचं कारण इथंच आहे. केज तालुक्यातल्या या गावात आणि आसपासच्या वस्त्यांवर भरतीची तयारी करणारी पोरं घरटी सापडतात. पहाटे रस्त्याने पळतात, दिवसा अकॅडमीत किंवा शेतात असतात. कुणाचे आई-वडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेले असतात आणि घराची जबाबदारी त्या पोरावरच असते. रात्री हातात मोबाइल येतो आणि त्यावर विमानं येतात. "सर, राफेल भारी का जे-टेन?" हा प्रश्न मला वर्गात विचारला जातो, एसटी स्टँडवर विचारला जातो आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला जातो. त्यात पोरकटपणा नाही. यांतली काही मुलं उद्या अग्निवीर म्हणून हवाई दलात जातील, विमानाच्या पोटाखाली उभी राहून क्षेपणास्त्रं चढवतील. मराठवाड्यातल्याच नांदेड जिल्ह्यातल्या हदगाव तालुक्यात हस्तरा नावाचं गाव आहे. एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी तिथले, आणि २०२१ ते २०२४ या काळात ते देशाचे हवाई दल प्रमुख होते. मराठवाड्यातल्या मुलाने हा विषय परका मानावा असं काहीच नाही. त्याला खरी माहिती मिळावी, आणि खरी-खोटी वेगळी काढता यावी, हा त्याचा हक्क आहे.

२०२५ च्या मे महिन्यात या गोष्टीची निकड फार जवळून दिसली. ७ मेच्या पहाटे पाकिस्तानविरुद्ध 'ऑपरेशन सिंदूर' सुरू झालं. त्यानंतरच्या रात्री गावात कुणी झोपलं नाही. ८ मेच्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं काही वाहिन्यांनी ठामपणे सांगितलं. ते खोटं होतं. 'आर्मा ३' नावाच्या व्हिडिओ गेममधली दृश्यं खऱ्या हवाई लढाईची म्हणून फिरत होती आणि त्यांवर तज्ज्ञ म्हणवणारे लोक बाण काढून भाष्य करत होते. पाकिस्तानने भारताची पाच विमानं पाडल्याचा दावा केला, नंतर तो आकडा सहावर नेला. आपल्याकडून नुकसानीची स्पष्ट अधिकृत कबुली आली ती ३१ मेला, सिंगापूरमध्ये. संरक्षण दल प्रमुख जनरल अनिल चौहान यांनी नुकसान झाल्याचं मान्य केलं, सहाचा आकडा साफ चुकीचा असल्याचं सांगितलं, आणि किती विमानं पडली यापेक्षा ती का पडली हे महत्त्वाचं आहे, असं म्हटलं. ९ ऑगस्टला बंगळुरूमध्ये हवाई दल प्रमुख ए. पी. सिंह यांनी पाकिस्तानची पाच लढाऊ विमानं आणि एक मोठं विमान पाडल्याचं सांगितलं. पाकिस्तानने ते नाकारलं.

म्हणजे पहिली अधिकृत कबुली यायला तीन आठवडे लागले आणि शत्रूच्या नुकसानीचा आपला आकडा यायला तीन महिने. या मधल्या काळात राफेल निकामी ठरलं, चिनी जे-१० अजिंक्य ठरलं, मग उलटंही ठरलं. शेअर बाजारात विमान कंपन्यांचे भाव त्यावर वरखाली झाले. जनरल चौहान 'का' म्हणाले ते नेमकं या पुस्तकाचं सूत्र आहे. वैमानिकांना कोणत्या लक्ष्यांवर मारा करायची मुभा होती, समोरच्याची रडार आणि क्षेपणास्त्र यंत्रणा आधी मोडायची होती की नव्हती, टेहळणी विमानं कुठं होती, कोणाचं क्षेपणास्त्र किती लांब पोचत होतं, या प्रश्नांची उत्तरं हाती नसताना विमानाच्या नावावर निकाल देणाऱ्याकडे निकाल देण्याजोगं काही नव्हतं.

आमच्या भागात हे समजावून सांगायला बियाण्याचं उदाहरण पुरतं. कंपनी आपला प्रात्यक्षिकाचा प्लॉट दाखवते तेव्हा बोंडांनी लगडलेली कपाशी खरीच असते, त्यात फसवणूक नसते. पण तो प्लॉट काळ्या भारी जमिनीत असतो, ठिबकवर असतो, खताची मात्रा वेळेवर पडलेली असते. आपलं रान मुरमाड आणि कोरडवाहू. शहाणा शेतकरी उतारा किती हे विचारण्याआधी जमीन कोणती, पाणी किती हे विचारतो. लढाऊ विमानाच्या परीक्षणातही जमीन आणि पाणी असतं. ते बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं, आणि लिहिलेलं असलं तरी बातमीत येईपर्यंत गळून पडतं.

कंपनीच्या माहितीपत्रकापासून सुरुवात करू. राफेलची निर्माती दासो कंपनी सांगते, की हे विमान साडेनऊ टन बाह्य भार वाहू शकतं आणि त्याचा कमाल वेग ध्वनीच्या १.८ पट आहे. दोन्ही आकडे खरे आहेत. मात्र साडेनऊ टन बॉम्ब आणि इंधनाच्या टाक्या लटकवून विमान तो वेग गाठू शकत नाही. ते आकडे दोन वेगवेगळ्या विमानांचे असावेत इतके वेगळे. कमाल पल्ला, कमाल भार, कमाल वेग आणि कमाल उंची हे चार आकडे एका ओळीत छापलेले दिसले, की वाचणाऱ्याने ते चार वेगवेगळ्या दिवशी मोजले आहेत असं समजावं. 'पल्ला' म्हणजे रिकाम्या विमानाने एका तळावरून दुसऱ्या तळावर जाण्याचं अंतर, की शस्त्रांसह जाऊन, लढून, परत येण्याचं अंतर? यांत दुपटीहून जास्त फरक पडतो.

रडारचं गणित आणखी फसवं आहे, आणि माझ्या मते या विषयात शिकण्यासारखी सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे. रडारची लहर लक्ष्यापर्यंत जाते आणि आपटून परत येते. दोन्ही वाटांवर ती पसरते, म्हणून परत येणारा संकेत अंतराच्या चौथ्या घाताने क्षीण होतो. याचा उलटा अर्थ असा, की शत्रूच्या रडारला आपण निम्म्या अंतरावरच दिसावं असं वाटत असेल, तर विमानाचं रडारवरचं 'दिसणं' निम्मं करून भागत नाही, ते सोळाव्या हिश्श्यावर आणावं लागतं. आणि एखादा तज्ज्ञ 'या रडारचा पल्ला २०० किलोमीटर' म्हणतो तेव्हा तो पल्ला कशाविरुद्ध, हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. मोठ्या प्रवासी विमानाविरुद्ध, टाक्या लटकवलेल्या लढाऊ विमानाविरुद्ध, की रडारला चकवण्यासाठी घडवलेल्या विमानाविरुद्ध? दहावीचं गणित येणाऱ्या मुलाला हे कळतं. मी वर्गात शिकवून पाहिलं आहे. हे गणित फळ्यावर मांडलं की त्यानंतर मुलं व्हिडिओ बघताना स्वतःहून थांबवतात आणि विचारतात, "पण सर, कशाविरुद्ध?"

क्षेपणास्त्रांचंही तसंच. चीनने पीएल-१५ क्षेपणास्त्राच्या निर्यातीच्या आवृत्तीचा पल्ला १४५ किलोमीटर जाहीर केला होता. मे २०२५ मध्ये त्याचे अवशेष पंजाबात होशियारपूर जिल्ह्यात सापडले. पुढं ऑगस्टमध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेने अधिकाऱ्यांच्या हवाल्याने बातमी दिली, की पल्ल्याचा भारतीय बाजूचा अंदाज चुकला होता आणि मारा त्याहून बराच लांबून झाला. हवाल्यातल्या अधिकाऱ्यांची नावं नाहीत, त्यामुळं तो शेवटचा शब्द मानता येत नाही. पण विक्रीसाठी छापलेला आकडा जसा फुगवलेला असू शकतो तसा तो कमी करूनही सांगितलेला असू शकतो, हे ध्यानात ठेवायला ती बातमी पुरेशी आहे. याच्या अगदी विरुद्ध उदाहरण व्हिएतनामचं. अमेरिकेच्या स्पॅरो क्षेपणास्त्राकडून फार मोठ्या अपेक्षा होत्या, फँटम विमानात सुरुवातीला तोफसुद्धा बसवली नव्हती. प्रत्यक्ष युद्धात दहा स्पॅरोंपैकी जेमतेम एखादंच लागलं. १९६८ मध्ये अमेरिकी नौदलाचे कॅप्टन फ्रँक ऑल्ट यांनी त्याची कारणं शोधणारा अहवाल दिला. त्यात निर्मितीपासून हाताळणीपर्यंत आणि वैमानिकांच्या प्रशिक्षणापर्यंत साखळीतल्या प्रत्येक कडीची झडती होती. त्यातूनच पुढच्या वर्षी लढाऊ वैमानिकांची 'टॉपगन' शाळा निघाली. परीक्षण कसं असावं याचा तो अहवाल मला नमुना वाटतो.

मग सरावांच्या बातम्या. फेब्रुवारी २००४ मध्ये ग्वाल्हेरला भारत-अमेरिका सराव झाला. अमेरिकेच्या एफ-१५ विमानांना आपल्या सुखोई, मिराज आणि मिग-२१ बायसन विमानांनी बहुतेक लढतींत हरवल्याचं बाहेर आलं. आपल्या वैमानिकांचं कौशल्य त्यात होतंच, आणि बायसनने अमेरिकी पाहुण्यांना खरोखर चकित केलं. पण अटी वाचा. अमेरिकी विमानं संख्येने बरीच कमी होती, त्यांच्याकडे नवं रडार नव्हतं, आणि लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या वापरावर मर्यादा ठरलेल्या होत्या. आणखी एक गोष्ट. त्या काळात अमेरिकी हवाई दल नव्या एफ-२२ साठी संसदेकडून पैसे मागत होतं. जुनं विमान हरलं, ही बातमी त्यांना सोयीची होती. हरल्याची कबुलीसुद्धा कोणाच्या तरी फायद्याची असू शकते, हे मला या प्रकरणानं शिकवलं. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या 'इंद्रधनुष' सरावानंतर सुखोईने ब्रिटिशांच्या टायफूनला १२-० ने हरवल्याचं आपल्याकडे छापून आलं, ब्रिटिशांनी ते मानलं नाही. सराव शिकण्यासाठी असतात. त्यांचे गुण मोजून विमानाची किंमत ठरवणं म्हणजे तालमीतली कुस्ती फडावर लावणं.

त्याच वर्षी अमेरिकेच्या एफ-३५ वरून गाजलेलं प्रकरण जरा थांबून बघण्यासारखं आहे. जानेवारी २०१५ मध्ये एका चाचणी वैमानिकाने एफ-३५ विमान जुन्या एफ-१६ विरुद्ध जवळच्या झुंजीत उडवलं आणि आपला अहवाल लिहिला. तीव्र कोनात वळताना विमानाची ऊर्जा लवकर संपते, असं त्यानं स्पष्ट नोंदवलं. जूनअखेर तो अहवाल फुटला आणि जगभर मथळा झाला, की एफ-३५ ला लढताच येत नाही. एफ-३५ कार्यक्रमाच्या कार्यालयाने खुलासा केला, की ते विमान सुरुवातीच्या चाचणी विमानांपैकी होतं. त्यावर रडार चकवणारा लेप नव्हता, लढाईतलं सॉफ्टवेअर नव्हतं, आणि चाचणी होती ती उड्डाण-नियंत्रणाच्या मर्यादा तपासण्यासाठी. दोन वर्षांनी 'रेड फ्लॅग' सरावानंतर याच विमानाने पंधरास एक, पुढं वीसास एक अशा प्रमाणात प्रतिस्पर्धी गारद केल्याचं हवाई दलाकडून सांगण्यात आलं. तो आकडासुद्धा अटींशिवायच फिरला. या सगळ्यात प्रामाणिक कागद कोणता? माझ्या मते त्या वैमानिकाचा मूळ अहवाल. काय तपासलं, कसं तपासलं, कुठं कमी पडलं, काय सुधारता येईल, हे सगळं त्यात आहे. 'लढता येत नाही' असं त्यात कुठंही नाही. तज्ज्ञ खोटं बोलला नाही, त्याच्या बोलण्यातल्या अटी बातमीने कापून टाकल्या. म्हणून मथळा वाचून झाला की मूळ कागद शोधायचा, आणि मूळ कागद मिळत नसेल तर मथळ्याला तेवढीच किंमत द्यायची.

प्रामाणिक तज्ज्ञही चुकतात. १९६७ मध्ये मॉस्कोच्या प्रदर्शनात मिग-२५ दिसलं तेव्हा पाश्चात्त्य जाणकारांनी त्याचे रुंद पंख आणि प्रचंड इंजिनं पाहून ते वेगवान आणि चपळ लढाऊ विमान असल्याचा तर्क केला. १९७१ मध्ये इजिप्तवरून उडताना त्याचा वेग ध्वनीच्या तिपटीहून जास्त नोंदला गेला, भीती आणखी वाढली. ६ सप्टेंबर १९७६ रोजी सोव्हिएत वैमानिक व्हिक्तर बेलेंको आपलं मिग-२५ घेऊन जपानच्या हाकोदाते विमानतळावर उतरला. विमान सुटं करून पाहिलं तर ते मुख्यतः निकेल-पोलादाचं निघालं, त्यातलं इलेक्ट्रॉनिक्स निर्वात नळ्यांचं होतं. सरळ रेषेत भन्नाट धावणारं, पण अवजड. इजिप्तवरच्या त्या वेगाने इंजिनं निकामी होत होती, हेही उमगलं. तज्ज्ञ मूर्ख नव्हते. बाहेरून दिसणाऱ्या खुणांवरून त्यांनी आतलं अनुमान बांधलं होतं. आज उपग्रहाच्या छायाचित्रावरून किंवा परेडमधल्या एका दर्शनावरून नव्या चिनी विमानांविषयी छातीठोकपणे बोलणाऱ्यांची माहितीही तेवढीच असते. याच मिग-२५ ची टेहळणी आवृत्ती पुढं आपल्या हवाई दलाने बरेलीहून १९८१ ते २००६ अशी पंचवीस वर्षं वापरली, आणि ज्या कामासाठी ती होती त्या कामात तिला तोड नव्हती.

आपल्या राज्याशी सगळ्यात घट्ट नातं असलेलं विमान म्हणजे मिग-२१. ओझरचा कारखाना त्याच्यासाठीच उभा राहिला. १९६३ मध्ये दलात आलेलं हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झालं. 'उडती शवपेटी' हे नाव त्याला चिकटलं ते अपघातांमुळं. अपघात खरे आहेत, गेलेले तरुण खरे आहेत, त्यांच्या घरांचं दुःख कुठल्याही आकडेवारीने हलकं होत नाही. पण कारण शोधताना सगळा दोष विमानावर ढकलणारा जाणकार अर्धंच सांगतो. प्रगत प्रशिक्षण जेट विमान घ्या, अशी शिफारस ला फोंतेन समितीने १९८२ मध्ये केली होती. हॉक विमान दलात आलं २००८ मध्ये. मधली पंचवीस वर्षं नवशिके वैमानिक मंद विमानावरून थेट मिग-२१ वर बसत राहिले. विमानाला नाव ठेवणं सोपं होतं, त्या पंचवीस वर्षांचा जाब विचारणं अवघड होतं.

मग विश्वास कोणावर ठेवायचा? वैमानिकावर, पण तो फक्त सांगता येण्याजोगं सांगतो, आणि त्याचं आपल्या विमानावर प्रेम असतं. निवृत्त अधिकाऱ्यावर, पण तो हल्ली कोणत्या कंपनीचा सल्लागार आहे हे आधी पाहून. सगळ्यात जास्त वजन मी पैसे मोजून विमान वापरणाऱ्याच्या तक्रारीला देतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या 'एरो इंडिया' प्रदर्शनात हवाई दल प्रमुख ए. पी. सिंह यांनी तेजसच्या रखडलेल्या पुरवठ्यावरून हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या लोकांना तोंडावर सांगितलं, की मला सध्या तुमचा भरवसा वाटत नाही. हे बोलून त्यांना काही मिळणार नव्हतं. म्हणूनच ते मोलाचं. त्याखालोखाल सरकारी हिशेब तपासणाऱ्या 'कॅग'चे अहवाल. २०१५ च्या अहवालात तेजस मार्क १ ला ठरलेल्या निकषांपैकी ५३ बाबतींत सवलती द्याव्या लागल्याचं नोंदलं आहे. रटाळ भाषा, एकही चित्र नाही. पण ज्याला तेजस समजून घ्यायचंय त्यानं शंभर व्हिडिओ सोडून तो आधी वाचावा.

खरंखुरं परीक्षण कसं होतं याचा एक प्रसंग आपल्याकडे घडून गेला आहे. १२६ विमानांसाठी २००७ मध्ये निविदा निघाली. सहा विमानं स्पर्धेत होती आणि त्यांना बंगळुरूच्या दमट हवेत, जैसलमेरच्या उन्हात आणि लेहच्या विरळ हवेत उडवून तपासलं गेलं. त्या वेळी हवाई दल प्रमुख होते नागपूरचे प्रदीप वसंत नाईक. एप्रिल २०११ मध्ये राफेल आणि टायफून ही दोनच उरली. तीन जागा का? तेच विमान, तेच इंजिन, पण लेहला हवा विरळ असल्याने इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही घटतात. माहितीपत्रकातला इंजिनाच्या जोराचा आकडा समुद्रसपाटीचा असतो. ते अहवाल गोपनीय राहिले. याचा अर्थ असा, की ज्यांना सर्वाधिक ठाऊक आहे ते बोलत नाहीत, आणि जे बोलतात त्यांना त्यातला थोडाच भाग ठाऊक असतो.

एका घटनेवर लिहिताना हात जड होतो. २७ फेब्रुवारी २०१९ ला सकाळी, काश्मीरच्या आकाशात पाकिस्तानी विमानांशी झुंज सुरू असताना, बडगामला हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं. सहा हवाई जवान आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. सहवैमानिक होते नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे. सुरुवातीला तांत्रिक बिघाड म्हणून बातम्या आल्या. त्या दिवसांत मिग-२१ श्रेष्ठ की एफ-१६, यावर रात्रंदिवस चर्चा झडत होत्या. हेलिकॉप्टरकडे कोणाचं लक्ष नव्हतं. ऑक्टोबरमध्ये हवाई दल प्रमुख भदौरिया यांनी जाहीरपणे सांगितलं, की ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं आणि ती आपली मोठी चूक होती. आकाशात कोण आपलं आणि कोण परकं हे ओळखणारी यंत्रणा, नियंत्रण कक्षातला संवाद, आदेशांची शिस्त, यांवर सात जीव अवलंबून होते. विमानांची तुलना करणाऱ्या कुठल्याही तक्त्यात या गोष्टींचा रकाना नसतो. मला ज्या तज्ज्ञाच्या बोलण्यात तो रकाना सापडतो, त्याचं मी पुढचं ऐकतो.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. आधी रडार, मग क्षेपणास्त्रं, मग इंजिन, मग सराव आणि युद्धांचे अहवाल, आणि शेवटी आपल्या खरेदीचा इतिहास. ११४ विमानांच्या खरेदीसाठी २०१८ मध्ये विचारणा निघाली तेव्हापासून त्यावरचा वाद पेटता आहे आणि पुढंही पेटणार आहे. गणित आलं तर घाबरू नये, वहीत करून बघावं. प्रत्येक प्रकरणानंतर दोन कोरी पानं मुद्दाम सोडली आहेत. त्यांवर पाच रकाने आखले आहेत: कोण बोललं, कोणत्या तारखेला, काय म्हणालं, कोणत्या अटींवर, आणि सहा महिन्यांनी काय निघालं. शेवटचा रकाना भरायला वेळ लागेल. तोवर पान मोकळं राहू द्यावं.

नांदूरघाट, ता. केज, जि. बीड